ताकाच्या रंगाचं घर

४ जाने., विटा
सांगलीच्या डिझायनर मॅडम घर बघून गेल्या. हॉल पोपटी, स्वयंपाकघर गुलाबी, न्हाणीचं दार निळं, हॉलमधून आत जायची पायरी लालभडक. मॅडमनी फक्त फोटो काढले. मलाच लाज वाटली. इथे ज्याची सोनं गाळायची दुकानं परमुलखात, त्या प्रत्येकाचं घर असंच. यात्रेला आठ दिवस यायचं, शेजारच्यापेक्षा भडक रंग द्यायचा, कुलूप लावून जायचं. आमच्याकडे कुलूप नाही एवढंच. हे कोईमतूरला, घरात मी आणि आत्या. सासू आहे म्हणून आत्या म्हणायचं, नाहीतर माझ्याकडे दुसरे शब्द होते.
फोनवर दिल्लीच्या एका डिझायनरबाईची घरं बघत असते मी. अख्खं घर एकाच फिकट कुळातलं. पांढऱ्यातही पिवळ्याकडे झुकणारा वेगळा, राखाडीकडे झुकणारा वेगळा. ते बघताना जिवाला शांत वाटतं. तसं घर मला पाहिजे. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.
त्यातला एक फोटो मॅडमना दाखवला, तर आत्या फोन डोळ्याशी धरून त्यांना म्हणाल्या, "रंग रंगासारका पायजे. ह्यो काय, आजारी मानसाच्या तोंडावानी."

९ जाने.
सांगलीला मॅडमच्या ऑफिसात. त्यांनी पट्ट्या मांडल्या, मी पटापट वेगळ्या केल्या. हा बिस्किटी, हा बदामी, हा मोतिया, ह्यात जरा गुलाबी आहे तो नको. मॅडम म्हणाल्या, तुमची नजर तयार आहे.
कुणी केली ते सांगितलं नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी, सांगलीतलंच दुकान. मी राणी रंगाच्या साडीवर हात ठेवला, आत्यांनी दुकानदारासमोर तो उचलून बाजूला केला. "काळ्या अंगाला भडक शोभत न्हाई. फिकट दावा हिला." तेव्हापासून माझं कपाट फिकट. आता तुमचं घर फिकट, आत्या. फिटंफाट.

१५ जाने.
आत्यांचा काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्याला धूसर. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब घालून टिकवा. तरी म्हातारी घरभर फिरते. निळं दिसलं की न्हाणी, गुलाबी दिसलं की स्वयंपाकघर, लाल दिसलं की पाय उचलायचा. हाताला धरू देत नाही कुणाला.
मॅडमनी फोनवर विचारलं, सासूबाईंची नजर कशी आहे? म्हटलं, चष्मा आहे. त्या म्हणाल्या, तरी पायरीच्या काठाला गडद पट्टी घालू, फिकट घरात काठ हरवतात. म्हटलं, बघू नंतर.
ह्यांचा फोन. "आईला इचारलंस का?"
"इचारलं की."
विचारलं नव्हतं.

२ फेब्रु.
पेंटर लागले. फरशीवाल्याला मी पायरीपासूनच सुरुवात करायला लावली. लाल गेलं. हॉलच्या फरशीचाच रंग वर चढला. पट्टीचं त्याला सांगितलंच नाही. आत्या बाहेर कट्ट्यावर, नाकाला पदर.
"पायरी कंच्या रंगाची करतीस गं?"
"तुमाला आवडंल अशी."

१२ फेब्रु.
झालं घर.
सकाळचं ऊन आलं तर भिंती कोमट ताकासारख्या. दुपारी थोड्या राखाडी. संध्याकाळी जर्दाळूची झाक, आणि ती कुठून येते ते कळत नाही. मी फरशीवर बसून रडले. माझं घर. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा असं लिहिलं.
आत्या हॉलच्या मधोमध हात पुढे धरून उभ्या होत्या. हलत नव्हत्या.
"समदं धुकं केलंस की गं."
मी चहा पीत होते. तो संपवला, मग उठले.

१४ फेब्रु.
पायरीवर पडल्या. मी आत भाकऱ्या थापत होते, आवाज ऐकला. तव्यावरची उलटली, मग गेले. तोवर त्या स्वतःच भिंतीला धरून उभ्या. गुडघा सोललेला, कपाळाला टेंगूळ.
संध्याकाळी ह्यांचा फोन. मला वाटलं, आता माझी तक्रार होणार. मी उत्तरंही तयार करून ठेवली होती.
"लय झ्याक केलंय घर सुनंनं," म्हणाल्या. "डोळं? डोळ्याला काय धाड भरलीया?"
नंतर मला म्हणाल्या, "दिसत न्हाई म्हनून त्येला सांगू नगंस. मला तिकडं न्हेईल. दुकानावरची खोली, ॲसिडचा वास, आन् खाली उतरलं तर कुनाची भाषा कळत न्हाई. थितं मरायचं न्हाई मला."
म्हणजे म्हातारीची दोरी माझ्या हातात. बराच वेळ बरं वाटत होतं.

२० फेब्रु.
आत्या माझ्या मागे मागे. मी स्वयंपाकघरात तर त्या दारात, मी मागच्या अंगणात तर त्या उंबऱ्याशी. शेवटी ओरडले, काय पाठ धरलीया सकाळधरनं?
"तू दिसतीस न्हवं," म्हणाल्या. "ह्या घरात तेवडी तूच दिसतीस. बरं झालं काळी हायस. तुज्या मागनं चालाय येतंय."
आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. इतक्या वर्षांत तो शब्द पहिल्यांदाच मायेनं उच्चारला. मला इतका संताप आला की हातातलं भांडं आपटलं. शिवी दिली असती तर चाललं असतं.

२१ फेब्रु.
आज मोतिया साडी नेसले. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, डोक्यावरून पदर, तोंडावर ओढून घेतला. हॉलच्या भिंतीला टेकून बसले आणि गप्प राहिले.
"सुनंदे, कुठं हायस गं?"
दोन हातांवर होते मी.
"सुनंदे?"
हात हवेत फिरवत होत्या. एकदा बोटं माझ्या पदराजवळून गेली. मग तिथंच खाली बसल्या, आणि बसूनच सरकत सरकत स्वयंपाकघराकडे गेल्या. वाटेत दोनदा हाक मारली.
मजा वाटली. लिहून ठेवते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नंतर जेवण गेलं नाही, तेही लिहिते.

८ मार्च
यात्रा. हे आले, गाव लोटलं. सगळ्या बायका चपला काढून भिंतींना हात लावून बघत होत्या. शेजारच्या जांभळ्या हॉलवाल्या बाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दिल्लीवालीच्या घरांमध्ये शोभेल असं माझं घर, आणि आत्या मध्ये खुर्चीवर, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारख्या. हलल्या नाहीत दिवसभर. कुणाला संशय नाही.

११ मार्च
दुपारी जेवताना आत्यांचा हात ताटाच्या बाहेर पडला, दोनदा. ह्यांनी पाहिलं. हात धुवायला उठले आणि माझ्या मागोमाग आत आले.
"आईला दिसतंय का गं?"
मी ताट विसळायला घेतलं.
"खरं सांग. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करायचाय. एक सीट सांगू का दोन?"
दोन म्हटलं की संपलं. घर माझं एकटीचं, हवं तसं. आणि म्हातारी ॲसिडच्या वासात. एक म्हटलं तर उद्यापासून पुन्हा माझ्या पाठीशी तिची पावलं, आणि ती पायरी.
म्हटलं, थांबा जरा, सांगते.
हे बाहेर गेले. आत्या दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. नीट माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे मी होते तिकडे.
"काय पायजे ते सांग," म्हणाल्या. "मी मधी बोलनार न्हाई."
हात तरी जोडायचे. रडायचं तरी. तेवढंही केलं नाही. माझ्यावर टाकून मोकळी.
आत येऊन हे लिहितेय. बाहेर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. हे हाक मारताहेत, फोनवर माणूस थांबलाय म्हणे. आले म्हटलं.