घोडमाणसाचे टेकू

मे, पहिला दिवस
अफ्रोडिसियास शहरात पोचलो! जुन्या धन्याने मला मेनिप्पोसच्या संगमरवरी मूर्तींच्या कारखान्याला विकलं आणि माझं नशीबच उघडलं. विकला गेल्यावर इतका खूश झालेला गुलाम कुणी पाहिला नसेल. मेनिप्पोसने सगळ्यांसमोर शब्द दिला, की घोडमाणूस पुरा केलास तर दहाव्या दिवशी तुला गुलामीतून मोकळं करतो. घोडमाणूस म्हणजे कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा. आधीचा कारागीर काम अर्धवट टाकून पळाला म्हणे. उरलंय ते किरकोळ. बोटं, पाय, शेपूट तुटू नयेत म्हणून मधेमधे दगडाचेच टेकू राखलेत; ते छाटायचे, जागा घासून गुळगुळीत करायची. त्यात मी पटाईत. बार्लीची भाकरी आणि अंजिरं खाल्ली, पण आनंदाने झोप येईना.

मे, तिसरा
शेपटीचा टेकू गेला. मूर्तींना मेण चोळणारी म्हातारी रोदे सारखी मागे येऊन उभी राहते. म्हणाली, "पोरा, इतर मूर्तींचे टेकू मूर्तीला सांभाळतात. ह्याचे आपल्याला सांभाळतात." मी म्हटलं, आजी, मेणाचा धूर डोक्यात गेलाय तुझ्या. ती फणकाऱ्याने निघून गेली. उगाच बोललो.

मे, पाचवा
उजव्या पंजाच्या बोटांमधले टेकू छाटले. सकाळी तिथे छिन्नी शिरेना, म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो. पाणी पिऊन आलो तर छिन्नी सहज शिरली. बोटं जरा फाकलेली दिसली. माझंच माप चुकलं असणार. रोदेला दाखवलं, तर ती हातातलं फडकं टाकून बाहेर गेली आणि पुन्हा आत आली नाही.

मे, सातवा
भर दुपारी, स्वच्छ उजेडात पाहिलं. पुढच्या पायाचा टेकू तोडत होतो, तेव्हा त्याने पाय वळवला. मला सोयीचं व्हावं म्हणून. तो मदत करतोय मला.
मेनिप्पोसला सांगितलं. तो हसला. सुटका नको असेल तर तसं सांग म्हणाला, खाणीत दगड फोडायला माणसं हवीच आहेत. मी परत छिन्नी उचलली. घोडमाणसाची भीती वाटते. खाणीची जास्त वाटते.

मे, नववा
एकच उरला. पोटाखालचा, झाडाच्या बुंध्याएवढा. तो काढला तर चार बारीक पायांवर एवढा दगड उभाच राहणार नाही, हे मेनिप्पोसला परोपरीने सांगितलं. गिऱ्हाइकाला बुंधा नकोय म्हणे.
पळून जावं? पळालेल्याच्या कपाळावर डाग देतात.
बुंधा जवळजवळ कापून झालाय. घोडमाणूस पडत नाहीये. तो — पोट वर उचलून धरतोय.

मे, दहावा
डाव्या हाताने लिहितोय. उजवा त्याच्या पंजात आहे. मीच सुटी केलेली बोटं मिटली —
दाबत नाही. नुसता धरलाय. मान वाकवून बुंध्याकडे बघतोय. एकच घाव राहिलाय.
दाराबाहेर मेनिप्पोस. पाहुणे, बायका, मुलं. विचारतोय, झालं का रे, तुझ्या सुटकेचं पत्र आणलंय. रोदे ओरडतेय, आधी पोराला बाहेर काढा.
पंजा आवळायला लागला.
हातोडा डाव्या हाताशी आहे. घाव घातला की हा दाराकडेच —
ओरडून सांगायला हवं, पळा म्हणून. पण ते पळाले तर माझ्या पत्रावर शिक्का कोण