जॅझमधल्या मोकळ्या जागा

२४ नोव्हेंबर
लग्नाचा सीझन सुरू. निजामोद्दीन मामूंच्या बँडमध्ये सॅक्सोफोन माझ्याकडे. मोबाईलवर जॅझ ऐकलं. एक अमेरिकन म्हातारा सूर मध्येच सोडतो, थांबतो, मग उचलतो. हल्ली मीही तसंच वाजवतो. म्हणजे न शिकता आलं. अख्ख्या नांदेडात ही स्टाईल दुसऱ्या कोणाकडे नाही.

३० नोव्हेंबर, मुखेड
वरातीत गाण्याच्या मध्येच थांबलो. नाचणारे हात वर करून तसेच उभे. नवरदेवाचा भाऊ महांतेश मामूंना म्हणाला, ओ मास्तर, ह्याचा सेल उतरला का हो? मामूंनी ट्रंपेटवर सावरलं. नंतर मला म्हणाले, साद, दमच न्हाई बेटा तुझ्यात, डॉक्टरला छाती दाखव. मामू माणूस चांगला, पण कान जुने.

११ डिसेंबर
खोकला. संध्याकाळी अंग तापतं. थंडीमुळे. बँडचा लाल कोट ढगळ झालाय. जॅझवाले ढगळच घालतात. अम्मी म्हणते, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घे. सीझन संपल्यावर बघू. तिथे नाव लागलं की वाजवणं बंद आणि सॅक्सोफोन यासेरला. यासेर मामूंचा मुलगा, क्लॅरिनेटवाला. दम घोड्याचा, डोकं सरळ.

२ जानेवारी
मामूंचा हुकूम: अर्धी वरात सॅक्सोफोन यासेर वाजवणार. हरकत नाही. त्याला माझी स्टाईल शिकवायचं ठरवलं. म्हणजे लोक म्हणतील, सादचा शागीर्द. शेजारचा पानवाला ओरडतो म्हणून बँडच्या दुकानाचं शटर खाली ओढून बसतो, गुडघ्याला गुडघा लावून. यासेर म्हणतो, भाई, मधीच थांबू कशाला? मला दम लागतच न्हाई. बिचारा.

२६ जानेवारी
रुमालावर रक्त. थोडंसंच. सॅक्सोफोनच्या तोंडाला असते त्या रीडच्या पट्टीने ओठ कापला असणार. आरशात ओठ नीट पाहिला. कापलेलं दिसलं नाही. आतून असेल. रुमाल मीच धुतला.

१६ फेब्रुवारी, मुरुड
मी वरातीच्या अर्ध्यात खाली बसलो. यासेरने सॅक्सोफोन घेतला. त्याने सूर सोडला, थांबला, मग उचलला. हुबेहूब मी! डोळ्यांत पाणी आलं. नंतर विचारलं, ही जागा कशी सुचली? म्हणाला, सुचली न्हाई भाई, श्वासच पुरला न्हाई. हल्ली संध्याकाळी ताप येऊन राहिला.

१८ फेब्रुवारी
सरकारी दवाखाना. सोबत यासेर आणि मामू. डॉक्टरबाईंनी थुंकीसाठी मला आणि यासेरला डब्या दिल्या. विचारलं, बंद खोलीत सोबत कोण बसायचं? मी म्हणालो, यासेर.
मामूंनी विचारलं, कधीपासून हाय हे?
मी सांगितलं, यासेरला थोडेच दिवस झाले.
म्हणाले, त्याचं न्हाई विचारलं. तुझं.
दिवाळीच्या आधीपासून, असं सांगितलं.
मामू उठले आणि यासेरजवळ जाऊन बसले.