आमचा शनिवार आणि धड्यातला सावकार

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेली पोरंसुद्धा आता काठी टेकत चालतात. मीही त्यांतलीच. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून शाबूत आहे, आणि ‘हिच्या जिभेला शनिवारचीसुद्धा सुट्टी नसते’ असं तुम्हीच म्हणायचात. आज सकाळी शेजारची मुलगी गॅलरीत बसून मोठमोठ्यानं धडा वाचत होती. हल्ली मुलं अशी वाचत नाहीत, मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात, म्हणून मी कान दिला. आणि ऐकता ऐकता पिंपरीचं आमचं स्वयंपाकघर असं समोर उभं राहिलं की हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले.

पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. पिंपरीच्या माळावर औषधाचा सरकारी कारखाना नवा उभा राहिला होता, आणि बाबा कुलाबा जिल्ह्यातून तिथे फिटर म्हणून आले होते. एका अंगाला फाळणीत आलेल्या सिंध्यांची छावणी, दुसऱ्या अंगाला जुनं गाव, मधे आम्ही कारखान्याची माणसं. लोकल बोर्डाच्या शाळेत ही सगळी पोरं एका तरटावर. तुम्ही काळेवाडीहून नदी ओलांडून यायचात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चपला हातात. वर्गात शुद्ध बोलायचात आणि राग आला की गावाकडचं. ‘न्हाई’ ऐकू आलं की आम्ही ओळखायचो, आता काही खरं नाही.

मी शनिवारी शाळेत येत नसे. आमच्याकडे त्या दिवशी चूल नाही, काम नाही, लिहिणं नाही. कोकणात आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेलीच म्हणत. पिंपरीत कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आई नऊवारी नेसायची, गळ्यात मंगळसूत्र, मग विचारायचं कशाला? सगळ्या गावाचा समज झाला की हे लोक मारुतीचा कडक शनिवार धरतात. पोरांना माझा केवढा आदर! ‘ती अख्खा शनवार धरती, पाणीबी तापवत न्हाई.’ तुमचाही तोच समज होता. व्रत म्हणून तुम्ही मला माफ करायचात, गणित मात्र माफ करायचा नाहीत. एकदा शनिवारची उदाहरणं मी सोमवारी न सोडवता आले, तर म्हणालात, ‘देव शनिवारचा, पण रविवार तर तुझाच होता ना?’ आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत उभं ठेवलंत. तेव्हा मनात तुम्हाला हजार शिव्या घातल्या होत्या.

सहावीत तो धडा आला. तुम्हाला आठवत असेलच. परदेशातला एक म्हातारा ज्यू सावकार, जहाज बुडायला लागतं, तेव्हा तो नातवाचा हात सोडतो पण मोहरांची थैली सोडत नाही. बाजूला चित्र, पोपटासारखं नाक, बकऱ्यासारखी दाढी. खाली तात्पर्य. देश नवा, पुस्तक नवं, पण धडा कुठल्या तरी जुन्या इंग्रजी पुस्तकातून उचललेला, हे मला फार पुढे कळलं. वर्गात कोणीतरी विचारलं, ज्यू म्हणजे काय. तुम्ही सांगितलंत, आपल्याकडे जशा धंद्यावरून जाती आहेत तशी ती तिकडची सावकारांची जात. म्हणजे सगळेच तसे का, असं पुढचं विचारणं आलं, आणि तुम्ही खडूचे हात झटकत म्हणालात, जातीचा गुण, दुसरं काय. तुमचा त्यात काही वाकडा हेतू नव्हता. आपल्या मुलखात माणूस दिसला की आधी जात आणि मग तिचा धंदा, तेवढीच एक पट्टी, आणि तीच तुम्ही साता समुद्रापार लावलीत. मीही पाठ करून टाकलं.

संध्याकाळी आई चुलीपुढे घावन घालत होती आणि मी पाटावर बसून ते चित्र दाखवत ठसक्यात वाचत होते. बाबा पाळीवरून आले. दारातच थांबले. मला वाटलं, आज शाबासकी मिळणार. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चित्राकडे पाहिलं आणि मला जवळ बसवून सांगितलं, ‘बाळ, ज्यू म्हणजे आपण.’ मला हसूच आलं. घरात आम्ही स्वतःला इस्रायल लोक म्हणत असू, ज्यू हा शब्द माझ्या कानावरून कधी गेलाच नव्हता. आमचे आजोबा त्या घाण्याच्या बैलाला आधी चारून मग स्वतः जेवायचे, आणि हा म्हातारा नातवाचा हात सोडतो! पण बाबा हसले नाहीत. त्या रात्री ठरलं, या शाळेतून मला काढायचं आणि मुंबईला आत्याकडे ठेवायचं, तिथे आपल्या लोकांची शाळा आहे. आत्याच्या घरी पाच पोरं आणि मी. तिथे मला शाळा किती दिसली असती आणि भांडी किती, हे आईला पक्कं ठाऊक होतं. मला शिकायचं होतं, गुरुजी. दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा दाखला मागायला आले तेव्हा मी खांबाआड उभी होते. बाबा आवाज चढवणारे नव्हतेच. त्यांनी टोपी काढून एवढंच सांगितलं की आम्ही ज्यू आहोत आणि मुलीला न्यायची आहे. तुमचा चेहरा मी पाहिला. आधी तुम्हाला कळलंच नाही. मग कळलं, आणि तुम्ही खुर्चीवर बसलात. ‘दाखला देतो,’ म्हणालात, ‘पण मी जे चुकीचं शिकवलंय ते माघारी घेतल्याबिगर न्हाई. सोमवारपर्यंत थांबा.’

आणि शुक्रवारी दिवेलागणीला तुम्ही आमच्या दारात! आईची काय तारांबळ उडाली. दिवे लावून झाले होते, आमचा शनिवार तिथूनच सुरू होतो, म्हणजे आता चूल पेटवायची नाही, आणि घरी आलेल्या मास्तरांना चहासुद्धा नाही म्हणजे अब्रूच गेली. शेवटी तिनं काळ्या मनुकांचं सरबत दिलं, आम्ही शुक्रवारी देवाचं नाव घेऊन घेतो ते. तुम्ही ते ओंजळीत प्रसाद घ्यावा तसं घेतलंत. मग मांडी घालून बसलात आणि विचारत राहिलात. कुठून आलात, काय खाता, देव कसा, शनिवार कशासाठी. आमचे गुरुजी प्रश्न विचारतायत आणि उत्तर त्यांना येत नाहीये, हे मी पहिल्यांदाच बघत होते. बाबांनी सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की मुंबईच्या गोदीत असताना त्यांनी युरोपातून पळून आलेलं ज्यूंचं एक घर पाहिलं होतं. त्या घरच्या मुलीला तिच्या मास्तरांनी वर्गापुढे उभं करून पट्टीनं तिचं नाक मोजून दाखवलं होतं. पुढे तिच्या गावच्या माणसांना गुरांसारखं गाडीत कोंडून नेलं, ती माघारी आलीच नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘तिकडंबी आधी असा एखादा धडाच आला असंल.’

सोमवारी शाळा भरायच्या आधी तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि विचारलंत, वर्गाला सांगू का, तू नको म्हणालीस तर नाही सांगत. त्या काळात सहावीतल्या पोरीला कोणी काही विचारत नसे, गुरुजी. मी मान हलवली. मग तुम्ही फळ्यापुढे उभे राहिलात. ‘मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मला माहीत नव्हतं आणि माहीत नसताना मी बोललो.’ मास्तर चुकतो हीच आम्हाला बातमी होती. तुम्ही सांगितलंत की लोभ वाईट हे खरं, तो म्हातारा लोभी होता हेही असू द्या, पण त्याची जात पुस्तकानं कशाला सांगायची? आपल्या गावातला एक चोर निघाला तर सगळं गाव चोर का? आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात की ही ज्यू आहे, तुम्ही हिला रोज बघता. पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात मागच्या तरटावरचा एकजण खट्टू होऊन म्हणाला, ‘म्हंजी ह्ये मारुतीचा शनवार न्हाईत धरत?’ अख्खा वर्ग हसला, तुम्ही हसलात, आणि हसता हसता मला रडू आलं. त्या दिवसापासून धडा वाचताना आम्ही नुसतं ‘एक सावकार’ म्हणायचो.

खरी परीक्षा दिपोटी आले तेव्हा झाली. शाळातपासणीला येणारे ते साहेब म्हणजे मास्तर लोकांचे यमच. त्यांनी नेमका तोच धडा वाचायला सांगितला. एका मुलानं ‘एक सावकार’ वाचलं. साहेब म्हणाले, पुस्तकात ज्यू आहे. मुलगा बेधडक म्हणाला की ते चुकीचं हाय, गुरुजींनी सांगितलंय. साहेबांनी तुम्हाला विचारलं, हे पुस्तक मंजूर आहे हे ठाऊक आहे ना? तुम्ही हात बांधूनच उभे होतात. ‘पुस्तक मंजूर हाय, साहेब,’ तुम्ही म्हणालात. ‘पण ही पोरगीबी माझ्या पटावर हाय.’ साहेब आपल्या वहीत लिहीत राहिले. वर्ष संपायच्या आत तुमची बदली चाकणकडे महाळुंग्याला झाली. तेव्हा तिथे माळ आणि बाभळी, बाकी काही नाही. आता कारखान्यांची एवढी दाटी आहे की तुमची शाळा कुठे होती हे रिक्षावाल्याला सांगता येत नाही.

बाबांनी दाखला पुन्हा मागितला नाही. मी सातवी पास झाले, पुढे ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले. आमचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, मी राहिले. उभ्या नोकरीत मी वर्गापुढे कितीदा चुकले असेन! ‘माझं चुकलं’ म्हणणं किती जड जातं ते मला माहीत आहे. तुम्ही ते एका फिटरच्या पोरीसाठी म्हणालात, नोकरीवर निखारा ठेवून. तुमच्यापेक्षा जास्त शिकलेली पुष्कळ माणसं मी पाहिली, तुमच्यापेक्षा मोठा माणूस पाहिला नाही.

हे पाठवायचं नाहीये म्हणून एक सांगून टाकते. वेगळं राज्य झालं, नवी पुस्तकं आली, त्यांत तो धडा नव्हता. का गेला, कोणी काढला, मला माहीत नाही. जुनं सगळंच बदललं, त्यात तोही गेला असेल. पण नवे शिक्षक माझ्याकडे बोलायला येतात तेव्हा मी त्यांना छातीठोक सांगते की तो धडा आमच्या गुरुजींनी काढायला लावला. पुरावा काही नाही. तुम्ही ऐकलं असतंत तर मला सगळ्यांदेखत उभं करून खरं बोलायला लावलं असतंत. लावा. पण ही एक थाप मी मरेपर्यंत मारणार आहे.