गाळ्यातली केरसुणी

१ ऑक्टोबर, बुधवार

…आणि गाळ्यातल्या मेकॅनिकने, पास्कलने, केरसुणी पुढे धरून आणखी एक पाऊल टाकलं. टेम्पोच्या मागे, सिलिंडरच्या तोंडाशी बारीक फुसफुस. भर दुपार, शटर सताड उघडं. डोळ्यांना काहीच नाही.

कामावर देखरेख करायला पुण्याहून आलेले इंजिनीअर काळे म्हणाले, "दिसतंय काही?"

"न्हाय."

"जा पुढे."

केरसुणीच्या टोकाने हवेतच पेट घेतला.

काळेंनी कॉक बंद केला. आग मुद्दाम लावून दाखवली होती. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही; निसटला की बारीकशा ठिणगीनेही पेटतो. उजेडात त्याची ज्वाळा दिसत नाही. काळे: "इंजिनाचं काही नाही हो. थोडे फेरफार केले की जुनं इंजीनही हा गॅस जाळतं. तो गाडीत साठवून ठेवायचा, तिथे चूक चालत नाही."

विलास हसला. घशातल्या घशात. लग्नाला एकवीस वर्षं झाली, काळजीचं हे हसू मी ओळखते. गाळा त्याचा, हायड्रोजनवर चढवायला आलेला टेम्पो गिऱ्हाइकाचा.

आज खंडेनवमी. पान्यांना हळदकुंकू, टेम्पोला झेंडूची माळ. दिवा लावला नाही. पहिल्यांदाच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नियमांचा कागद लिहून शटरच्या आत चिकटवला. लिखापढी माझ्याकडेच. मराठीत एम.ए. केल्याचा एवढा तरी उपयोग, असं वि. म्हणतो.

नियम चौथा: फुसफुस ऐकू आल्यास हात पुढे नेऊ नये. आधी केरसुणी धरावी.

पास्कलने मोठ्याने वाचलं. "वहिनी, नाक रिटायर केलं, आता हात पन?"

वीस वर्षं सीएनजीचे किट बसवतोय. आधी वासावर जातो, मग तळहात फिरवतो. सीएनजी निसटतो तिथे गार लागतं. डोळे मिटून जागा सांगतो. पाहिलंय मी.

घरी सासूबाईंना केरसुणीचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. "लक्ष्मीला आग लावता? दिवाळीच्या तोंडावर?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

पास्कलने नवी केरसुणी आणली. बायकोने, फिलोमिनाने, वसईच्या बाजारातून घेतलेली. शिंदीची, घट्ट बांधलेली. शटरच्या आत उजव्या हाताला खिळा ठोकून टांगली.

टेम्पो चौकापर्यंत जाऊन आला. चढावर दम लागला नाही. पास्कलने स्वतःच्या घरासमोर हॉर्न वाजवला म्हणे. दिवाळीनंतर गाडी द्यायची आहे. गिऱ्हाईक म्हणजे मासळी नेणारी कंपनी.

एकच अडचण. सकाळी दाबाचा काटा थोडा खाली असतो. गॅस कुठून तरी जातोय. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. वि. जेवता जेवता ताटावरून उठतो.

२० ऑक्टोबर, सोमवार

स्टेशनजवळ चार दुकानं पालथी घातली. शिंदीची केरसुणी कुठेच नाही. "आंटी, वो वाली अब कौन लेता है? प्लास्टिक ले जाओ, धुलती भी है."

सासूबाई: "प्लास्टिकची लक्ष्मी पुजायची? तुझ्याच राज्यात होईल हे."

गाळा दोन दिवस बंद. एक किल्ली माझ्याकडे असते. संध्याकाळी जाऊन खिळ्यावरची केरसुणी काढून आणली. परवा परत लावीन. वि.ला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

चारच्या सुमारास फोन. शेजारच्या गाळेवाल्याचा. पास्कलचा हात भाजला, रिक्षाने हॉस्पिटलात नेतोय.

पास्कल गाळ्यावर? आज?

वि. चपला शोधत: सकाळीच म्हणाला होता, "शेठ, दिवाळी तुमची. मी जरा काटा बघून येतो." वि.ने जा म्हटलं. मला सांगितलं नाही. त्यालाही सांगण्यासारखं वाटलं नसेल.

वि. धावत गेला. मी पाटासमोर उभी. पाटावर केरसुणी.

सासूबाई म्हणाल्या, "बस. मुहूर्त टळेल."

बसले. हळद वाहिली. कुंकू वाहिलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

उजवा तळहात आणि चार बोटं. अंगठा वाचला. बोटं वळतील का, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

पास्कल शुद्धीवर होता. माझी समजूत काढावी तसा बोलला. "आवाज आला वहिनी. खिळ्याकडे बघितलं, तर केरसुणी न्हाय. वाटलं शेठने नेली. हात आपोआप गेला. गार लागेल असं वाटलं."

फिलोमिना पायथ्याशी. "कोणी नेली मग? मी स्वतः बघून घेतली होती ती."

मी पाण्याची बाटली उचलली. भरलेली होती. तरी भरायला गेले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काळेंना घटनेचा लेखी अहवाल हवाय.

वि. म्हणाला, "लिही. केरसुणी जागेवर होती. त्याने वापरली नाही."

"नव्हती."

"तुला काय माहीत?"

सांगितलं. तो खिडकीपाशी गेला, परत आला.

"पास्कलला माहितीये?"

"नाही."

"मग लिही तसंच. त्याची चूक निघाली तर एका माणसाची चूक. आपली निघाली तर गाळ्याला कुलूप. मग त्या हाताला काम कोण देणार? बोल ना."

मी कागद ओढला. लिहिलं. वाक्य सरळ, स्वच्छ झालं. कुणालाही खरं वाटेल असं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कालचा कागद अजून ड्रॉवरमध्ये. वि.ने दोनदा विचारलं. शुद्धलेखन तपासतेय म्हटलं.

फिलोमिनाचा फोन. पास्कल झोपेत डावा हात फिरवत असतो, हवेत. काहीतरी शोधल्यासारखा.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी पुन्हा लिहिलं. "केरसुणी गाळ्यात नव्हती. ती आदल्या संध्याकाळी मी पूजेसाठी घरी नेली होती आणि कुणालाही सांगितलं नव्हतं." खाली सही. आधीचा कागद फाडला. हा जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर मिठाची बरणी.

सासूबाईंनी बरणी उचलली, मीठ घेतलं, पुन्हा तिथेच ठेवली. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

वि. उशिरा आला. टेबलाकडे न बघता झोपला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वि.ने कागद उभ्याउभ्या वाचला. चहा घेतला नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. देवघरातली केरसुणी उचलली आणि गाळ्यावर गेला. तिच्यावरचं हळदकुंकू पुसलं नाही.