ग्रेसला ओरडायची शिकवणी

मंगळवार, संध्याकाळ. नॉटिंगहॅम.

रेवाच्या कॉलेजातल्या चौघी आज पुन्हा स्वयंपाकघरात जमल्या. नात माझी आणि या काळ्या पोरी, सगळ्या मनाच्या आजारांच्या नर्स होणार. गोऱ्यांच्या वर्गात एकेकट्या पडतात, म्हणून दर मंगळवारी एकत्र अभ्यास. बोलणारीचं संपेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा त्यांचा नियम. मला कुठला जमायला!

आज त्यांतली ग्रेस रडली. वॉर्डातल्या ट्रेनिंगमध्ये नापास झाली, कोर्स सोडते म्हणाली. रेवा मला मराठीत सांगत होती. मी म्हटलं, "मग सोड की!"

"आजी, गप्प. तिचं संपलं नाही अजून."

मला गप्प म्हणाली! पण बसले गप्प. सगळ्याच गप्प. मग ग्रेस आपणहून म्हणाली, पेशंट ओरडला की माझे हातपाय गळतात.

झालं, पोरींनी लगेच पेशंट होऊन ओरडायला सुरुवात केली. काय ते मिळमिळीत ओरडणं! शेवटी रेवा म्हणाली, "आजी, तू ओरड."

ओरडले. अस्सल शिव्या घातल्या. ग्रेस आधी दचकली, तिसऱ्यांदा मात्र जागची हलली नाही. शांतपणे म्हणाली, "मी ऐकतेय, आजी. बोला."

ते ट्रेनिंग पुन्हा करणार म्हणते. आणि मी तिला काय सांगायला निघाले होते?