एक खुंटी तुझ्या नावाची

प्रिय रिल,

"उनी, एक खुंटी माझ्या नावाची ठेव, बाकी घर तुझं." सात वर्षांचा होतास तू हे म्हणालास तेव्हा. काखेत गुंडाळलेली चटई, डोक्यावर मोठी होणारी काळी टोपी. आपल्या आईने, अमाकने, त्या दिवसापासून तुला सुराऊच्या प्रार्थनाघरात झोपायला पाठवलं, गावातल्या सगळ्या मुलग्यांना पाठवतात तसं. आईच्या घरात जेवायचं आणि प्रार्थनेला, झोपायला, मारामाऱ्या करायला सुराऊत जायचं. तू रडला नाहीस. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलास आणि माझ्याकडे वळून एवढं बोललास. मी तेरा वर्षांची होते. मला हसू आलं, कारण आपल्याकडे घर आईकडून मुलीलाच जातं, आणि ते माझं असणार हे तू मला बक्षीस दिल्यासारखं सांगत होतास. दुसऱ्या दिवशी मी कॉफीच्या फांदीची एक खुंटी चुलीजवळच्या खांबाला ठोकून घेतली. तुझी चटई, मग तुझं शाळेचं दप्तर, मग जाकार्ताहून आलास की तुझी चामड्याची बॅग, सगळं तिच्यावर लटकत आलं.

फोनवर तू दोन वाक्यांत 'रेंज नाही' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र लिहितेय. पाडांगला जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे, तो तुमच्या मदतसंस्थेच्या ऑफिसासमोरच गाडी थांबवतो. पत्राला रेंज लागत नाही.

आधी घरची खबर. तुझ्या भाचीच्या, येल्फीच्या, पायाचे टाके कधीच सुकले, ती आता लंगडत नाही. संस्थेच्या त्या नर्सने चिखलात गुडघे टेकून ते टाके घातले होते, तिचं नाव मी रोजच्या दुव्यात घेते. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तू म्हणायला नको की उनीला कुणी केलेलं दिसत नाही. पाटाचं पाणी अजून सुरू झालेलं नाही. भूकंपात डोंगराची कड खाली आली ती पाटावरच बसलीय. आठ महिने झाले. पाटासाठी कुणी येत नाही, कारण पाटाचा फोटो चांगला येत नाही, असं आळीतली मावशी, जुस्मा एतेक, म्हणते. नारळ काढणाऱ्या माकडाचा येतो. तिच्या माकडाचे एवढे फोटो निघाले की ते आता गाडीचा आवाज आला की आपणहून पुढे येऊन बसतं. "मदत त्यालाच पहिल्यांदा कळली," म्हणाली.

मला हसू आलं, पण रिल, आत राग आहे माझ्या. भात पिकवणाऱ्या गावाला तीन आठवडे नूडल्स खायला घातल्या. तांदूळ होता आपल्याकडे, ढिगाऱ्याखालच्या कोठ्यांत होता, तो काढायला चार कुदळी मागितल्या तर म्हणे कुदळी यादीत नाहीत. कपड्यांच्या गाठोड्यांतून लोकरीचे कोट निघाले. इथे, या उकाड्यात! उंच टाचांच्या चपला निघाल्या, त्याही दोन्ही डाव्या पायाच्या. आणि पाहण्या. एक गाडी गेली की दुसरी. प्रत्येक कागदावर तोच प्रश्न, घरात किती मेले. मी प्रत्येक वेळी 'एक' म्हणाले. सातवा कागद तुझ्या हातात होता. तूसुद्धा विचारलंस. मी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिले, तर तू मान खाली घालून म्हणालास, "रकाना आहे, उनी, मी काय करू." मी 'एक' म्हणाले आणि तू लिहिलंस. आपली आई होती ती, रिल. तू तिचं नाव विचारलं असतंस तरी चाललं असतं.

त्याच कागदावरचा वरचा रकाना, कुटुंबप्रमुख. त्याबद्दल मला आज बोलायचंय.

संस्थेची ती चष्मेवाली बाई जाकार्ताची, तिला मी दोष देत नाही. तिच्या घरी बापाचं घर मुलाला जात असेल. पण तू तिच्या शेजारी उभा होतास. तिने जुस्मा एतेकला विचारलं, "घरातलं मुख्य माणूस कुठाय?" एतेक म्हणाली, "ही काय मी. एवढी जाडजूड उभी आहे, दिसत नाही?" सगळे हसले. तूही हसलास. आणि हसत हसत तू बुरहानचं नाव लिहिलंस. बुरहान, जो लग्नाच्या दिवशी एक पेटी घेऊन तिच्या जिन्याने वर आला, आणि ज्याचं त्या घरात पेटीपलीकडे काही नाही. हे त्या बाईला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. सात वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. या गावातला कुठलाही पुरुष चटई काखेत घेऊनच ते शिकतो.

माझ्या वेळी मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, "तुझं नाव टाकलं तर पुढचा रकाना विचारतो, नवरा वारला का? वारल्याचा दाखला कुठून आणू?" मी म्हटलं, तो आठ वर्षांपूर्वी बाताम बेटावर गेला तो गेलाच. तू म्हणालास, "गेलेल्याला रकाना नाही, उनी. मेलेल्याला आहे, जिवंत आहे त्याला आहे." मग तू स्वतःचंच नाव टाकलंस. "कागदापुरतं," म्हणालास. "घरात कोण झोपतं ते कागद कुठे बघतो?" मी गप्प राहिले. ताडपत्रीखाली चौथा पाऊस झेलत होतो आम्ही, येल्फीला ताप होता, आणि तू माझा भाऊ होतास. माझं चुकलं ते तिथे. इतर बायकाही माझ्याकडे बघून गप्प राहिल्या. मास्तरीणबाई काही बोलत नाहीत म्हणजे बरोबरच असेल, असं त्यांना वाटलं.

कागद काय बघतो ते आता सांगते. बुरहान चार महिन्यांपूर्वी पेटी उचलून डोंगरापलीकडच्या गावात दुसऱ्या बायकोकडे गेला. त्यात काही नवीन नाही. नवरा उतरला तर उतरला, घर जागच्या जागी राहतं, असंच आपण पाहत आलो. एतेक एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी मिरच्या वाटायला बसली. पण गेल्या महिन्यात तो ट्रक घेऊन आला. हातात संस्थेचं कार्ड, त्याच्या नावाचं. तिच्या अंगणातलं सिमेंट, पत्रे, सळ्या, दाराची चौकट, सगळं त्याने भरून नेलं. एतेक ट्रकसमोर उभी राहिली. संस्थेच्या माणसाने तिला बाजूला घेतलं, अगदी नम्रपणे, मावशी मावशी म्हणत, आणि कार्ड दाखवलं. त्या चौकटीत आता दुसरीच बाई उभी राहते. एतेक तिच्या आजीच्या जमिनीवर ताडपत्रीखाली आहे, साठाव्या वर्षी. मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये राहायला. ती म्हणाली, "तुझ्याकडे की मास्रिलकडे? कागद बघून सांग."

मी तिच्या ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधली आणि परत आले.

आणि ही एकटी एतेक नाही. खालच्या आळीतल्या सालमाचा नवरा परवा भांडणात तिला म्हणाला, "आता उतरायचं झालं तर तू उतर. घर माझ्या नावावर आहे." आपल्या गावात हे वाक्य कधी ऐकलंयस तू? अमाकने ऐकलं होतं? धरणीने तीनशे घरं पाडली, पण कोणत्याही बाईला घराबाहेर काढलं नाही. ते काम तुझ्या पेनाने केलं. भात सडला, पाट बुजला, हे सगळं मी नशिबावर टाकीन. हे टाकणार नाही.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. गेल्या खेपेला कॉफीच्या दुकानात तू सगळ्यांसमोर म्हणालास की मी येल्फीचा मामा आहे, या घराच्या वतीने बोलायचा हक्क माझा आहे. आहेच. येल्फीचं लग्न तू ठरवशील, जमिनीच्या तंट्यात तू बोलशील, आणि मी तुझ्या मागे उभी राहीन. मामा घराची राखण करतो. राखण करणाऱ्याने स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावलेली मी पहिल्यांदाच पाहतेय. पाटी खरोखर लागलीय, रिल, परवाच. निळी, पत्र्याची, खाली संस्थेचं चिन्ह. येल्फीने ती वाचली आणि मला विचारलं, "मामा इथे राहायला येणार?" मी नाही म्हटलं. तर म्हणाली, "मग मी कुठे राहणार?"

आता एक असं लिहिते जे आपण दोघं आठ महिने बोललो नाही. अमाक त्या भिंतीखाली गेली. जुना लाकडी भाग नुसता हलला, डगमगला आणि उभा राहिला, राहण्याजोगा उरला नाही तरी. पडली ती पुढची विटांची खोली, तू जाकार्ताच्या तानाह आबांग बाजारात कापडाचे तागे विकून पैसे पाठवलेस ती. आळीतली पहिली पक्की भिंत. बुधवार होता, मी मागे नारळ खवत होते, ती पुढे तुझ्या खोलीत बसून तांदूळ निवडत होती, कारण तिथे वारा येतो म्हणायची. मला तुझ्यावर राग नाही त्याचा. कधीच नव्हता. ती भिंत तिनेच मागितली होती, तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. "माझ्या मुलाने बांधली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीवर हात आपटून सांगायची. तू दफनाच्या दिवशी मातीत बोटं रोवून म्हणालास, "एक न पडणारं घर देणार तिला." मी ऐकलं होतं. तू दुकान बंद करून या संस्थेत का आलास, उन्हात घरोघर का फिरलास, आपल्या घराचा पाया तीन वेळा का मोजून घेतलास, सगळं मला कळतं. आणि त्या घरावर तुझं नाव असावं असं तुला का वाटतं, तेही मला कळतं. पण ते घर तिला देता येत नाही आता. ती ज्यांना देऊन गेली, त्यांना द्यावं लागेल. तिने मला दिलं, मी येल्फीला देईन. तुझं नाव मध्ये आलं की तिथेच ते अडतं. उद्या तुझी मुलं, जाकार्तात वाढलेली, ज्यांनी हा जिना कधी चढला नाही, ती कागद घेऊन येतील, बुरहान कार्ड घेऊन आला तशी. तू वाईट आहेस म्हणून नाही. कागद पक्का आहे म्हणून.

गुरुवारी कार्यक्रम आहे. मंडप घातलाय, पाहुणे येणार, किल्ल्या आणि नावांचे दाखले वाटणार. मग संस्था फाईल बंद करून जाणार, आणि मग कुणाकडे जायचं? काल बायका सुराऊच्या अंगणात जमल्या. पुरुषही होते दोघं-तिघं, लाजून मागे उभे. ठरलं असं की गुरुवारी कुणीही किल्ली घ्यायची नाही. जिचं घर आहे तिचं नाव लिहाल तेव्हा घेऊ, तोवर ताडपत्री बरी. सालमा म्हणाली, ती तर सर्वांत आधी परत करणार, नवऱ्याच्या देखत. आणि संस्थेच्या वरच्या ऑफिसला एक पत्र पाठवायचं, काय झालं, कसं झालं, यादी कुणी भरली, हे सगळं नावानिशी. पत्र कुणी लिहायचं? सगळ्या माझ्याकडे वळल्या. अक्षर चांगलं आहे म्हणे माझं. जुस्मा एतेक तेवढी माझ्याकडे बघत नव्हती, मिरच्यांची देठं तोडत होती. मग हळूच म्हणाली, "तिला नका सांगू. भाऊ आहे तिचा." त्यावर मीच म्हटलं, लिहिते.

ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही. हे आधी लिहिलं. त्यात तुझं नाव यावं लागेल, कारण यादीच्या प्रत्येक पानाखाली तुझीच सही आहे, आणि खोटं मला लिहिता येणार नाही. नोकरी जाईल तुझी. कदाचित त्याहून वाईट होईल, गावात तुझं नाव जाईल. एकच वाट आहे. गुरुवारी पाहुणे बोलायला उठायच्या आधी तू उठ. सगळ्यांसमोर सांग की तुला माहीत होतं आणि तरी तू चुकीचं लिहिलंस. पहिल्यांदा आपल्या घरावरचं तुझं नाव काढ, मग बाकीच्यांची आपोआप निघतील. तू सांगितलंस तर ती चूक होईल. मी लिहिलं तर ती चोरी होईल. तू येणार नाहीस, मला वाटतं. तू म्हणशील एक नाव बदललं की सगळी यादी उघडावी लागते, फोनला रेंज नव्हती, मिनीबस चुकली. तरी मागते. जुनी खुंटी त्या खांबावरून काढून मी नव्या घरात, कुलूप लागायच्या आधीच, चुलीजवळ ठोकलीय, तिला तुझ्या नावाची पाटी लागत नाही. ये, आणि सातव्या वर्षी जिन्यावर उभा राहून म्हणालास ते अर्धं वाक्य पुन्हा म्हण, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं: बाकी घर तुझं.

बुधवार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पत्राचा कागद कोरा ठेवणारी,
तुझीच,
उनी यार्निस