लेडीज गेटवरचा कडुनिंब

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

कुसुम, ही वही तूच दिली होती हे आधी लिहून ठेवते. नाहीतर वाचायले बसशील अन् विचारशील, ही कोणाची वही वं? बापाच्या दहाव्याले त्याच्या आवडीचे भरड्याचे वडे घरीच विसरून येणारी तू. कावळे दुपारपर्यंत पिंडाभोवती फिरत राहिले, एकानंही चोच लावली नाही. जावईबापूंनी सायकल पिटाळून वडे आणले तेव्हा कुठे तुझा बाप सुटला. जिवंतपणी जेवायले उशीर झाला की ताट फेकायचा, मेल्यावर बरा थांबला.

लिहून राहिली आहे सत्यवती. इथल्या टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीटखिडकीवर बसते. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणते, मले काय कळणार! मी बजावलं, बोलते तसंच लिहायचं, सुधरवत बसायचं नाही.

नागपूर मले पसंत आहे. महाल भागातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या घरात काय फोडणीले टाकलं ते आपल्याले शिंक येऊन कळते. टॉकीजच्या मागे टिनाची खोली दिली आहे. काम सोपं आहे. लेडीज गेटवर स्टूल टाकून बसायचं, तिकिटं फाडायची, मधल्या सुट्टीत दार उघडायचं अन् पाण्याच्या रांजणावर बायकांले भांडू द्यायचं नाही. स्टूलाच्या डोक्यावर कडुनिंब आहे, सावली छान. पारशिवनीत तुझ्या घरी सासूबाईंच्या डोळ्यांपुढे बसण्यापेक्षा हे बरं. तू रविवारी येते म्हणाली आहे. मी विसरणार नाही.

७ नोव्हेंबर, बुधवार

पिक्चर मी पाहत नाही, बायका पाहते. सध्या देवाचा पिक्चर आहे. आतून हुंदके आले की समजायचं, सून घराबाहेर काढली. टाळ्या आल्या की देव आले. बाहेर येतात तेव्हा डोळे लाल अन् चेहरा असा हलका की जशी काही माहेरी जाऊन आल्या.

प्रयागबाई म्हणून एक आहे, फुटाणेवाल्याची बायको. नवा पिक्चर लागला की पहिल्याच दिवशी हजर. सुटल्यावर माझ्याजवळ उकिडवी बसून सगळी गोष्ट सांगते, रडायच्या जागी रडूनही दाखवते. मी म्हटलं, बाई, तुझ्यापायी माझं तिकीट वाचते. तर म्हणे फुकट नाही सांगत, उद्या मले पंख्याखालची खुर्ची ठेव.

सहा वाजता सगळ्या जातात. प्रत्येकीले कुठे ना कुठे चूल पेटवायची असते. मी स्टूल उचलून आत ठेवते. एकटीसाठी काय रांधायचं, सकाळचीच भाकर खाते.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नवा पिक्चर लागला. पोस्टरवर हिरो नाही, हिरोईन नाही, फक्त एक दार अन् एक रिकामं स्टूल. आमचे मॅनेजर मनोहरराव म्हणतात, यात भूत नाही, खून नाही, तरी माणसाचं डोकं फिरते. मी म्हटलं, त्यासाठी तिकीट कशाले, घरी सून आणावी.

तीनचा खेळ सुरू झाला. हुंदका नाही, हसू नाही. मधल्या सुट्टीत दार उघडलं तर एकही बाई पाण्याले आली नाही. डोकावून पाहिलं. दिवे लागले होते, पडदा पांढरा होता अन् सगळ्या तिकडेच पाहत बसल्या होत्या. मांडीवरची पोरंही गप्प.

सुटल्यावर प्रयागबाई पहिली बाहेर आली. मी जागा करून दिली, म्हटलं बस, सांग. तिनं माझ्याकडे पाहिलं. रांजणावर हातपाय धुतले, कडुनिंबाचं एक पान तोडलं, चावलं, थुंकलं अन् गेली.

१० नोव्हेंबर, शनिवार

आज सगळ्याच. रांग लावून हातपाय धुवून राहिल्या, पान चावून राहिल्या. आपल्या गावात मयतीहून आले की घरात शिरायच्या आधी करतात, अगदी तसं. मी विचारलं, बायांनो, पिक्चर पाहून आल्या का माती देऊन? कोणी हसलं नाही. एक नवी नवरी माझ्या पाया पडली अन् पदराले हात पुसत मागे सरकली.

सत्यवतीनं एकीले खोदून विचारलं. म्हणे, एक म्हातारी आहे, ती दारात बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्यांले पाहते. पुढे? पुढचं सांगता येत नाही म्हणे, तिच्या तोंडावर कसं सांगायचं. तिच्या म्हणजे माझ्या.

सत्यवतीले मी म्हटलं, तू हा पिक्चर पाहू नको. ती म्हणाली, नाही पाहणार, आई. आई म्हणाली बरं का कुसुम. लिहायले लाजून राहिली होती, मी लिहायले लावलं.

११ नोव्हेंबर, रविवार

डोक्याले तेल लावलं. नवं लुगडं नेसली. गाठोडं बांधून स्टूलाजवळ ठेवलं, तू म्हणशील तर तुझ्यासोबत यायलेही तयार होती. पारशिवनीची मोटर कोणत्या वेळेले येते ते रिक्षावाल्याले तीनदा विचारलं.

तू विसरली.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

प्रयागबाई तिसऱ्यांदा आली. आज मी तिचा हात धरला, सोडलाच नाही. ती रडत होती, पण दाखवायचं रडणं नव्हतं ते.

म्हणे, ती म्हातारी दारात बसल्या बसल्याच जाते. कोणाले कळत नाही. माणसं येतात, रामराम करतात, पुढे जातात. तिलेही कळत नाही. लेक येईल म्हणून वाट पाहत बसते. अन् तिच्या उजव्या कानाची पाळी तुटलेली आहे.

माझी पाळी तुझ्याच हातानं तुटली, कुसुम. तू दीड वर्षाची होती, बाळी ओढली होती. हे प्रयागबाईले कोणी सांगितलं?

मी विचारलं, मग लेक येते का? तिनं हात सोडवून घेतला. झाडाकडे गेली.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज कोणी माझ्या हातात तिकीट दिलं नाही. मी हात पुढे केला तर अंग चोरून बाजूनं गेल्या. स्टूलावर कोणीतरी पिठलं-भाकर ठेवून गेलं, पत्रावळीवर झाकून. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही तेव्हा शेजारी देतात तशी.

मी खाल्ली. मीठ कमी होतं.

पण मग मयत कोणाच्या घरी झाली? इथे तर मी एकटीच —

१५ नोव्हेंबर, गुरुवार

दाराची कडी वाजवून पाहिली. वाजली. म्हणजे मी आहे.

मनोहररावांले म्हटलं, हा पिक्चर काढा. ते माझ्याकडे न पाहता पोस्टर डकवत राहिले — दुसरा आठवडा. बोटांत कडुनिंबाची काडी होती.

हात पोचतात तिथवरची पानं संपली. झाड खालून उघडं पडलं.

फक्त सत्यवती तोंडाकडे पाहून बोलते. तिनं शपथ घेतली आहे — पाहणार नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनच्या खेळाले खिडकी बंद होती. मले वाटलं ताप आला असेल पोरीले.

सुटल्यावर ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. हातपाय धुतले. उडी मारून पान तोडलं.

आता लिहून राहिली आहे. मान वर करत नाही. तिच्या तोंडाले कडू वास — मी विचारलं, सत्यवती, मी गेली का वं? कोणत्या दिवशी? — तेही लिहून घेतलं तिनं. वहीवर पाणी पडून राहिलं, माझं की तिचं —

कुसुम, रविवारी ये. येणं जमलं नाही तर सांबारवडी पाठव. सांबाराची कोवळी हिरवी जुडी घे, पानं बारीक चिर, आत खसखस-खोबरं, पारीले चिंचेचं पाणी लाव. टॉकीजवर पाठव. नाही तर हे लोक सांगतील तिथे पाठव — नदीवर म्हणतील तर नदीवर — पण घरी ठेवून येऊ नको वं. बापाच्या वेळेले सायकल होती. माझ्यासाठी कोण धावेल — झाडावर कावळे बसले आहेत, सकाळपासून, एकही खाली उतरत नाही — सांबारवडी, कुसुम, लक्षात ठेव, सांबार—